ई-रीडरला माउस जोडायचा तर आधी चाक जोडा, बाण नंतर

बाबांना कंपवात होऊन चार वर्षं झाली. नारायण पेठेतल्या घरात खिडकीशी त्यांची आरामखुर्ची आहे आणि मांडीवर ई-रीडर. बोट पडद्याला टेकेपर्यंत दोन-तीनदा थरथरतं. मग एकाऐवजी तीन पानं उलटतात, मधेच शब्दकोशाची चौकट उघडते, कधी अक्षरं एकदम मोठी होतात. एका संध्याकाळी त्यांनी रीडर बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘‘अगं, मला पुस्तक वाचायचंय. या पडद्याशी झोंबी खेळायची नाहीये.’’ तोच हात संगणकाच्या माउसवर मात्र बराच स्थिर असतो, कारण तिथे तळवा टेकलेला असतो आणि हलवायचं असतं फक्त एक बोट. तेव्हा हा माउसच रीडरला जोडायचा, असं मी ठरवलं. त्या दोन महिन्यांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमच्या घरात असं कुणी असेल तर तुमचं काम दोन दिवसांत होईल.

मी आधी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली. पडद्यावर फिरणारा बाण हवा, या हट्टात तीन आठवडे गेले. वाचणाऱ्याला बाण क्वचितच लागतो. त्याला पुढचं पान लागतं, मागचं पान लागतं आणि अधूनमधून मेनू. एवढं काम माउसचं चाक आणि तीन बटणं चोख करतात. म्हणून या लेखात चाकाला जास्त जागा आहे आणि बाण शेवटी येतो.

आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, लहान लिपीत टाइप करायची. गोंधळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

तुमचा रीडर यात बसतो का?

कोबो, किंडल, पॉकेटबुक या तिन्हींच्या पोटात लिनक्स कर्नल आहे, म्हणजे लिनक्स या कार्यप्रणालीचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा. पण कर्नल आहे म्हणजे आत शिरायची वाट आहे असं नाही. कोबोवर ती वाट सगळ्यांत सोपी आहे, म्हणून उदाहरण त्याचंच घेते. त्यावर कोरीडर हे मुक्त स्रोत वाचन-सॉफ्टवेअर बसवून घ्या. ते रूट अधिकाराने, म्हणजे यंत्रावरच्या संपूर्ण अधिकारानेच चालतं, त्याच्यासोबत एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून आत शिरून आज्ञा देण्याची सोय) येतो आणि ल्युआजिट हा ल्युआ भाषेचा इंटरप्रिटरही येतो. ही तिसरी गोष्ट आपल्याला फार उपयोगी आहे. तिच्यामुळे रीडरमधल्या एआरएम प्रोसेसरसाठी वेगळा कंपायलर बसवण्याची, लायब्ररीच्या आवृत्त्या जुळवत बसण्याची गरजच उरत नाही. साधी मजकूर-फाइल लिहायची आणि चालवायची.

काहीही करण्याआधी पुस्तकांची आणि सेटिंगची प्रत संगणकावर काढून ठेवा. काही जुन्या कोबोंमध्ये अंतर्गत साठवण म्हणजे आत बसवलेलं मायक्रो एसडी कार्डच असतं. तसं असेल तर त्या अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत (इमेज) लिनक्सच्या डीडी आज्ञेने काढून ठेवा. नंतर कितीही बिघडलं तरी पूर्वपदावर येता येतं. आपल्या सगळ्या फाइली पुस्तकांच्याच विभागात ठेवायच्या, सिस्टिमच्या विभागाला हात लावायचा नाही. कंपनीचं अपडेट आलं की सिस्टिमच्या फाइली बदलतात, पुस्तकांचा विभाग राहतो.

आत कसं शिरायचं

माउस लागणार यूएसबीच्या त्या एकाच भोकात. म्हणजे केबलने संगणक जोडून काम करण्याचा रस्ता बंद. काम वायफायवरून, एसएसएचने करायचं. कोरीडरच्या नेटवर्क मेनूत एसएसएच सर्व्हर चालू करता येतो आणि त्याचा पोर्ट २२२२ असतो. पासवर्डशिवाय प्रवेश देण्याचा पर्यायही तिथे आहे. तो घरच्या वायफायवर, काम चालू असेपर्यंतच वापरा. हॉस्टेलच्या किंवा सोसायटीच्या सामायिक वायफायवर तर अजिबात नको, तिथे सार्वजनिक की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, टाकूनच आत या. मी पहिल्याच दिवशी की टाकली आणि पुढे विचार करावा लागला नाही.

आत आल्यावर पहिली आज्ञा ‘यूनेम’, पुढे वजा-आर. कर्नलची आवृत्ती कळते, ती टिपून ठेवा. मग प्रॉक फोल्डरात ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ ही फाइल आहे का बघा. असेल तर ‘झेडकॅट’ने उघडून तीन नोंदी शोधा: यूएसबी एचआयडी, एचआयडी जेनेरिक आणि इनपुट ईव्हीडेव्ह. (एचआयडी म्हणजे माउस-कीबोर्डसारखी हाताळायची उपकरणं.) पुढे ‘वाय’ असेल तर ती सोय कर्नलमध्येच आहे. ‘एम’ असेल तर वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा सुटा तुकडा, आहे आणि ते ‘इन्समॉड’ने चढवावं लागेल. काहीच नसेल तर मात्र काम वाढतं. मॉड्यूल स्वतः बांधावं लागतं आणि त्याची आवृत्तीची खूण चालू कर्नलशी अक्षर न् अक्षर जुळावी लागते, नाहीतर कर्नल ते घेत नाही. लिनक्स कर्नल जीपीएल या मुक्त स्रोत परवान्याखाली असल्यामुळे त्याचा सोर्स कंपनीला द्यावा लागतो आणि कोबोचा तो गिटहबवर आहे. पण पहिल्यांदाच हे करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्याच्यात सोय आधीच आहे असा दुसरा रीडर मिळतो का, ते आधी बघा.

केबल: इथे सर्वांत जास्त वेळ जातो

माझे पहिले आठ दिवस इथेच गेले. रीडर एरवी संगणकाला जोडला की तो स्वतः पेनड्राइव्हसारखा वागतो, मालक संगणक असतो. माउस जोडायचा तर रीडरला मालक व्हावं लागतं. मायक्रो यूएसबीत पाच पिना असतात: पाच व्होल्टची वीज, डेटाच्या दोन, चौथी ओळख-पिन आणि पाचवी ग्राउंड. साध्या केबलमध्ये चौथी पिन मोकळी असते. ओटीजी (ऑन-द-गो, छोट्या यंत्राला मालक होऊ देणाऱ्या) केबलमध्ये ती ग्राउंडला जोडलेली असते आणि तेवढ्यावरूनच यंत्राला कळतं की आता मालकी आपली. माझी पहिली केबल एका दुकानातून आणली होती, पाकिटावर ठळक अक्षरांत ओटीजी लिहिलेलं. घरी मल्टिमीटर लावला तर चौथी पिन मोकळीच. मी आठ दिवस कर्नलला दोष देत होते.

दुसऱ्यांदा मल्टिमीटर पर्समध्ये टाकूनच तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. काउंटरवरच्या दादांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण मीटर ‘पीं’ करून वाजल्यावर त्यांनाच गंमत वाटली आणि त्यांनी स्वतःहून खोक्यातल्या आणखी चार केबली काढून दिल्या. चारांतल्या दोन वाजल्या. तुम्हीही असंच करा. मीटर सातत्य मोजण्याच्या खुणेवर ठेवायचा, एक टोक कनेक्टरच्या चौथ्या पिनेला, दुसरं धातूच्या कवचाला किंवा पाचव्या पिनेला. पिना बारीक असतात. मीटरच्या टोकाला टाचणी धरली की जमतं. टाइप-सी रीडर असेल तर ही भानगड नाही. तिथे ओळख सीसी पिनांवरून पटते आणि साधा सी-ते-ए ओटीजी जोड पुरतो.

आता विजेचं. यूएसबी २.० च्या नियमानुसार एखादं उपकरण सुरुवातीला १०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मागू शकतं आणि लाल दिव्याचे वायरवाले माउस बऱ्याचदा तेवढीच मागणी नोंदवतात. हिशोब करून बघा. पाच व्होल्टला १०० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा वॅट. रीडरची बॅटरी ३.७ व्होल्टची. त्यातून पाच व्होल्ट करताना थोडी वीज वाया जाते, म्हणजे बॅटरीवर १५० मिलिअँपिअरच्या आसपास ओझं. बॅटरी १५०० मिलिअँपिअर-अवरची धरली तर दहा तासांत रिकामी. जो रीडर एका चार्जिंगवर आठवडे चालतो, तो दुपारच्या आणि रात्रीच्या वाचनातच झोपतो. शिवाय सगळेच रीडर बाहेर पाच व्होल्ट देत नाहीत. माउसचा दिवा लागत नसेल तर पहिला संशय हाच घ्या.

यावर दोन उपाय आहेत. एक, चार्जिंगची वेगळी शेपूट असलेला ओटीजी जोड. त्यात मोबाइलचा चार्जर लागतो आणि माउसची वीज तिथून येते. असा जोड तयार विकत घ्या. दोन केबली कापून, तारा पिळून घरी बनवू नका. रीडर स्वतः पाच व्होल्ट देत असेल आणि चार्जरही त्याच तारेवर पाच व्होल्ट ढकलत असेल, तर वीज उलटी शिरून चार्जिंगची चिप जाऊ शकते. दुसरा उपाय म्हणजे छोट्या डोंगलवर चालणारा बिनतारी माउस. दिवा आणि सेन्सर माउसमध्ये, त्याच्या स्वतःच्या सेलवर. रीडरवर ओझं फक्त डोंगलचं, आणि ते बरंच कमी असतं. कर्नलच्या नजरेने डोंगल म्हणजे साधा यूएसबी माउसच, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बाबांसाठी मी शेवटी हाच घेतला. हाताला वायर ओढत नाही, हाही त्यांना मोठा फायदा झाला.

मालकी बदलणे

काही रीडर योग्य केबल लावताच मालक होतात, काहींना सांगावं लागतं. कोरीडरमध्ये बाहेरच्या कीबोर्डसाठीचं एक प्लगिन आहे आणि त्यात ओटीजी मोड चालू करायची सोय आहे. ते प्लगिन कीबोर्डसाठी असलं तरी भोकाची भूमिका बदलण्याचं काम माउसलाही चालतं. मेनूतून होत असेल तर हाताने करू नका.

हाताने करायचंच तर असं. आय-एमएक्स जातीची प्रोसेसर-चिप असलेल्या कोबोंमध्ये भूमिकेची फाइल डीबग-एफएस या आभासी फाइल सिस्टिममध्ये असते. ती ‘माउंट’ आज्ञेने सिस, कर्नल, डीबग या फोल्डरावर चढवायची. मग त्यात सी-आय-अंडरस्कोर-एच-डी-आर-सी-डॉट-शून्य या नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात ‘रोल’ ही फाइल. ती वाचली तर ‘गॅजेट’ असं उत्तर येतं, म्हणजे रीडर सध्या दुसऱ्याच्या ताब्यातलं यंत्र आहे. ‘एको’ने तिच्यात ‘होस्ट’ हा शब्द लिहायचा. आता माउस लावा आणि ‘डी-मेसेज’ बघा, म्हणजे डी-एम-ई-एस-जी. नवं यूएसबी उपकरण सापडल्याची ओळ आणि खाली एचआयडी माउस असा उल्लेख आला की अर्धी लढाई जिंकली.

संगणकाला रीडर जोडण्याआधी त्याच फाइलीत परत ‘गॅजेट’ लिहायला विसरू नका. नाहीतर संगणक रीडरला ओळखत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

माउस काय बोलतो ते ऐका

प्रॉक, बस, इनपुट या मार्गावर ‘डिव्हायसेस’ नावाची फाइल आहे. ती ‘कॅट’ केली की सगळ्या इनपुट उपकरणांची यादी येते. प्रत्येकाच्या ‘हँडलर्स’ या ओळीत इव्हेंट० किंवा इव्हेंट३ असं नाव असतं. माउसचं आणि टचस्क्रीनचं, दोन्ही नावं टिपून घ्या. टचस्क्रीनच्या नावात बहुधा ‘टच’ हा शब्द किंवा चिप बनवणाऱ्याचं नाव असतं. डोंगलच्या एका तुकड्यातून बऱ्याचदा दोन-तीन उपकरणं दिसतात, कारण तो स्वतःला कीबोर्ड म्हणूनही नोंदवतो. आपल्याला हवं ते ‘माउस०’ हा हँडलर सोबत असलेलं.

आता डेव्ह फोल्डरातल्या इनपुटमधली ती इव्हेंट फाइल ‘हेक्सडंप’ने उघडा आणि चाक एक खाच खाली फिरवा. आकड्यांच्या ओळी पडतील. ३२-बिट प्रणालीवर प्रत्येक घटना १६ बाइटची असते: पहिले आठ बाइट वेळेचे, मग दोन प्रकाराचे, दोन संकेताचे, शेवटचे चार किमतीचे. धाकटा बाइट आधी येतो. ६४-बिट प्रणालीवर वेळेला १६ बाइट लागतात आणि एकूण २४ होतात. माउसचं हलणं आणि चाक हे प्रकार २. आडवी हालचाल संकेत ०, उभी १, चाक ८. चाक वर फिरवलं की किंमत अधिक १, खाली फिरवलं की उणे १, आणि उणे १ हे चार बाइटमध्ये सगळे एफ-एफ असं दिसतं. बटणं प्रकार १ मध्ये: डावं २७२, उजवं २७३, मधलं २७४. दाबलं की १, सोडलं की ०. प्रत्येक गटाच्या शेवटी प्रकार ० ची घटना येते, म्हणजे ‘एवढं एकत्र धरा’. कर्नल ५.० किंवा नंतरचा असेल तर चाकाबरोबर संकेत ११ सुद्धा येऊ शकतो. ते चाकाचंच अधिक बारीक मोजमाप आहे. तो सोडून द्या, नाहीतर एकाच खाचेचे दोन हिशोब लागतील.

या पायरीवर थोडा वेळ रेंगाळा. मी बाबांनाच चाक फिरवायला सांगितलं आणि पडद्यावर बघत बसले. मी फिरवलं की एक खाच यायची, त्यांनी फिरवलं की चार-पाच, त्यातली एखादी उलट दिशेची. पुढचा सगळा आराखडा या ओळींवरून ठरला.

पूल: माउसच्या घटनेतून बोटाची टिचकी

कोरीडर टचस्क्रीनची फाइल ऐकत असतो, माउसची नाही. बटणांपुरतं त्याच्या पॅचेस फोल्डरात छोटी ल्युआ फाइल टाकून, माउसची इव्हेंट फाइल उघडायला लावून २७२ आणि २७३ हे संकेत पान उलटण्याच्या कळांना जोडता येतात. पण चाक कळ नाही, ती सापेक्ष हालचाल आहे, आणि ती या मार्गाने येत नाही. म्हणून मधे पूल बांधावा लागतो. त्यासाठी यू-इनपुट नावाची सोय असते, जी आभासी कीबोर्ड तयार करते. पण ती प्रत्येक रीडरच्या कर्नलमध्ये असेलच असं नाही, आणि तयार झालेला कीबोर्ड परत कोरीडरला उघडायला लावावा लागतो.

मला आवडलेला मार्ग त्याहून सरळ आहे. लिनक्समध्ये इव्हेंट फाइल वाचता येते तशी तिच्यात लिहिताही येते. टचस्क्रीनच्या फाइलीत तुम्ही १६-१६ बाइटच्या घटना लिहिल्या, तर ती फाइल ऐकणाऱ्याला त्या खऱ्या बोटाच्या घटना म्हणूनच मिळतात. वेळेचे आठ बाइट शून्य ठेवले तरी चालतं, लिहिताना कर्नल ते बघतच नाही. अट एवढीच की दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने ते उपकरण स्वतःपुरतं अडवून ठेवलेलं नसावं. या मार्गाचा आणखी एक लाभ असा की कोरीडरला ही हालचाल बोटाचीच वाटते, त्यामुळे वाचता वाचता रीडर आपोआप झोपत नाही.

टिचकीचा नेमका आराखडा प्रत्येक पडद्याचा वेगळा. काही पडदे अनेक बोटांचा करार पाळतात, त्यात संकेत ५७ बोटाचा क्रमांक, ५३ आणि ५४ जागा, आणि बोट उचललं की ५७ ची किंमत उणे १. काही जुने पडदे संकेत ० आणि १ मध्येच जागा सांगतात आणि ३३० या कळेने स्पर्श. त्यात काही पडद्यांचे अक्ष आडवे-उभे उलटे बसवलेले असतात. हे सगळं समजून घेऊन हाताने बांधत बसू नका. आपलंच बोट नोंदवा. ‘कॅट’ आज्ञेने टचस्क्रीनची फाइल एका साध्या फाइलीत वळवा, पानाच्या उजव्या कडेला एकदाच हलकी टिचकी मारा आणि कंट्रोल-सी दाबा. ही झाली ‘पुढे’ची टिचकी. तशीच डाव्या कडेला ‘मागे’ची आणि वरच्या पट्टीवर मेनूची. नोंदवताना रीडर ज्या बाजूने धरून वाचणार त्याच बाजूने धरा. उभा पडदा आडवा केला की नोंदवलेली जागा दुसरीकडेच पडते.

प्रत्येक नोंदीचे दोन भाग करा: बोट टेकल्याचा पहिला गट आणि उचलल्याचा शेवटचा गट. मधले गट गाळून टाका. लिहिताना पहिला गट, मग सुमारे ५० मिलिसेकंद थांबणं, मग शेवटचा.

इथे एक खोच आहे आणि तिने मला दोन रात्री जागवलं. पहिली टिचकी बरोबर लागायची, त्यानंतरच्या टिचक्यांचं काही खरं नसायचं. कारण असं, की जागेचा आकडा मागच्या वेळेइतकाच असेल तर कर्नल तो पुढे पाठवतच नाही. बदल झाला तरच पाठवायचा, हा त्याचा नियम. त्यामुळे ऐकणाऱ्याला कधी कधी जागेविना टिचकी मिळते. उपाय सोपा: प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवा, दुसरीत आडवा आणि उभा दोन्ही आकडे एकाने वाढवा आणि आलटून पालटून वापरा.

मग ल्युआतला प्रोग्राम अगदी छोटा उरतो. माउसची फाइल बायनरी पद्धतीने उघडायची, बफर बंद करायचा. एका चक्रात १६ बाइट वाचायचे. नववा-दहावा बाइट जोडून प्रकार, अकरावा-बारावा जोडून संकेत, शेवटच्या चारांतून किंमत. प्रकार २ आणि संकेत ८ असेल, किंमत उणे असेल तर ‘पुढे’ची टिचकी लिहायची, अधिक असेल तर ‘मागे’ची. प्रकार १ आणि किंमत १ असेल तर २७२ ला पुढे, २७३ ला मागे, २७४ ला मेनू. बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष. फाइल वाचताना काही घडेपर्यंत प्रोग्राम स्वस्थ थांबलेला असतो, त्यामुळे बॅटरीवर जवळजवळ भार पडत नाही. चाळीस-पन्नास ओळींत काम होतं.

थरथरत्या हातासाठी वेळेचा हिशोब

वरचा प्रोग्राम मला पुरला असता, बाबांना नाही. त्यांच्या एका फिरवण्यातून पाच खाचा, म्हणजे पाच पानं. म्हणून दोन वेगवेगळे नियम लावले. बटणांसाठी ठरावीक कुलूप: एक दाब घेतला की पुढचे ७०० मिलिसेकंद दुसरा घ्यायचाच नाही. चाकासाठी मात्र शांततेचा नियम: आधीच्या खाचेपासून किमान २५० मिलिसेकंद चाक गप्प असेल तरच नवी खाच नवं पान म्हणून मोजायची. पहिल्या खाचेची दिशा खरी, मागून येणाऱ्या सगळ्या, उलट दिशेच्यासुद्धा, तिच्याच समजून सोडून द्यायच्या. त्यांनी चाक एकदा वळवलं, कितीही खाचा पडल्या, तरी पान एकच.

वेळ मोजायला वेगळं घड्याळ नको. प्रत्येक घटनेच्या पहिल्या आठ बाइटमध्ये सेकंद आणि मायक्रोसेकंद आहेतच. एक खबरदारी घ्या. ही वेळ यंत्राच्या भिंतीवरच्या घड्याळाची असते. वायफाय जोडल्यावर रीडरने घड्याळ जुळवलं आणि वेळ मागे गेली, तर फरक उणे येतो आणि कुलूप तासन्‌तास उघडत नाही. फरक उणे आला तर सरळ नवी घटना समजा.

हे आकडे माझ्या बाबांच्या हाताचे आहेत. तुमच्या माणसाजवळ बसा, त्याला दहा पानं वाचू द्या, आणि आकडे त्याच्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा. पान पूर्ण रंगायला ई-इंक पडद्याला तसेही सुमारे ४५० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे थोडं सावकाश असलेलं कुलूप खुपत नाही.

आपोआप चालू राहणं

रोज कुणी एसएसएच करून प्रोग्राम चालू करणार नाही. कोरीडरच्या पॅचेस फोल्डरातल्या एका ओळीच्या ल्युआ फाइलीतून तो पार्श्वभूमीवर सुरू करता येतो. फाइलीच्या नावाची सुरुवात एका आकड्याने आणि आडव्या रेघेने करायची. तो आकडा कोणत्या टप्प्यावर चालायचं ते ठरवतो, मी २ वापरला.

रीडर झोपला की यूएसबीची वीज जाते, डोंगल तुटल्यासारखा होतो आणि प्रोग्रामचं माउसची फाइल वाचणं त्रुटी येऊन थांबतं. म्हणून प्रोग्रामला बाहेरून एक चक्र द्या: वाचन थांबलं तर दोन सेकंद थांबायचं, भूमिका ‘होस्ट’ आहे का बघायची, नसेल तर करायची, आणि डिव्हायसेसची यादी पुन्हा वाचून माउस शोधायचा. इव्हेंट३ हे नाव प्रोग्राममध्ये पक्कं लिहू नका. झोपेतून उठल्यावर तोच माउस इव्हेंट४ होऊन बसतो. नावावरूनच शोधा. झोपलेल्या रीडरला उठवायला मात्र पॉवरचं बटणच दाबावं लागतं, आणि त्या बटणावर मी बाबांसाठी रबराचा छोटा उंचवटा चिकटवला आहे.

हे चक्र चालू असताना संगणकाला रीडर जोडायचा झाला तर आधी कोरीडरमधून बाहेर पडा आणि प्रोग्राम थांबवा. नाहीतर तुम्ही ‘गॅजेट’ लिहाल आणि दोन सेकंदांनी तो परत ‘होस्ट’ करून ठेवील.

बाण हवाच असेल तर

तळटिपांचे दुवे, शब्दकोश, नकाशे यांसाठी कुणाला बाण लागेल. तेव्हा हे लक्षात घ्या, की माउस सेकंदाला सव्वाशे वेळा जागा सांगतो आणि ई-इंकची सर्वांत वेगवान काळी-पांढरी पद्धत, जिला ए-टू म्हणतात, तिला एका बदलाला सुमारे १२० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ चित्रं. प्रत्येक हालचालीला बाण काढत गेलात तर आधीच्या बदलाचा भाग नव्या बदलाच्या भागावर पडतो, नियंत्रक आधीचा संपेपर्यंत नव्याला थांबवून ठेवतो, आणि हात थांबल्यावरही बाण चालतच राहतो. माझा बाण तब्बल चार सेकंद मागे होता.

जमतं ते असं: हालचालींची बेरीज करत राहा, पण चित्र १५० मिलिसेकंदांतून एकदाच काढा, तेही शेवटच्या जागेचं. बाणाऐवजी पांढऱ्या किनारीचा काळा चौकोन, साधारण २४ पिक्सेलचा. त्याच्याखालचे पिक्सेल आधी जपून ठेवा आणि हलल्यावर परत लावा. ताजं करायचं ते फक्त तेवढा चौकोन, अख्खं पान नव्हे. तीन सेकंद हालचाल नाही तर चौकोन पुसून टाका, नाहीतर वाचताना डोळ्यांत खुपतो. पडद्यावर चित्र काढण्यासाठी एफबीइंक हे तयार साधन आहे, ते वापरा. टिचकी मात्र आता नोंदवलेली चालणार नाही, चौकोनाच्या जागेचे आकडे त्यात भरावे लागतील. त्यासाठी पडद्याच्या चार कोपऱ्यांना बोट लावून टचस्क्रीन कोणते आकडे सांगते ते टिपा आणि त्यावरून अक्ष कुठे उलटे आहेत ते ठरवा.

ब्लूटूथ असलेल्या रीडरवर माउस जोडल्यावर तोही एक इव्हेंट फाइल बनून येतो आणि तिथून पुढचं सगळं तसंच. फक्त ब्लूटूथ लो एनर्जीच्या माउसला कर्नलमध्ये यू-एचआयडी ही सोय लागते, ती आहे का ते आधी बघा.

एक शेवटची, अगदी घरगुती गोष्ट. चाकच वापरायचं असेल तर माउसच्या पोटावरच्या सेन्सरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. मग हालचालीच्या निरर्थक घटना जवळजवळ थांबतात, माउस पोटावर, उशीवर, खुर्चीच्या हातावर कसाही ठेवता येतो. बाबांचा माउस मी आरामखुर्चीच्या उजव्या हातावर वेल्क्रोने बसवला आहे, तळवा टेकेल असा. रीडर समोर पुस्तकाच्या लाकडी स्टँडवर असतो. काल रात्री साडेअकराला दिवा चालू दिसला म्हणून डोकावले, तर म्हणाले, ‘‘जा, झोप तू. माझी सत्तर पानं उरलीत.’’